जुन्या इंजिनाचे तीन संस्कार

जीर्णोद्धार हा शब्द मराठीत मुख्यत्वे देवळांसाठी राखून ठेवलेला आहे. गाभाऱ्याच्या भिंती खचल्या किंवा शिखराला तडे गेले म्हणजे वर्गणी निघते, काम उभे राहते आणि शेवटी कोनशिलेवर तो शब्द कोरला जातो. मात्र ज्याचा उद्धार झाला तीच वस्तू उद्धारानंतर शिल्लक राहते, की तिच्या जागी तिच्याच नावाने दुसरी उभी राहते, हा प्रश्न कोनशिलेवर येत नाही. देवळाच्या बाबतीत तो विचारणे अवघडही असते, कारण तेथे श्रद्धा, मालकी आणि गावकी एकमेकांत गुंतलेल्या असतात. तळहातावर मावणाऱ्या जुन्या लघुइंजिनाच्या बाबतीत तोच प्रश्न पुष्कळ स्वच्छपणे विचारता येतो. लघुइंजिन म्हणजे खऱ्या आगगाडीच्या इंजिनाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, पण रुळांवर स्वतःच्या बळाने धावणारी प्रतिकृती. आणि तिच्या पोटातील कमान किंवा मोटर, दातेरी चाके, आस व जोडदांडे हे जे भाग मिळून तिला धावते करतात, त्यांना येथे चालनयंत्रणा म्हटले आहे. ही यंत्रणा उघडणे, साफ करणे, झिजलेले भाग बदलणे आणि अखेरीस ती कशी चालते हे पारखणे हे वरवर पाहता छंदी माणसाचे काम आहे. पण त्यात प्रत्येक पायरीवर जो निर्णय करावा लागतो, तो भारतीय दर्शनांनी दीड-दोन हजार वर्षे खल केलेल्या वादाच्या मध्यभागी जाऊन पडतो.

मुंबईच्या उपनगरांत हा वाद परका वाटू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी आजच्या घाटकोपर आणि मुलुंडच्या भूमीवरूनच गेली, आणि १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेची गाडी धावू लागली, तेव्हापासून अंधेरी-बोरिवलीच्या वस्तीची वाढ रुळांच्या आधाराने झाली. त्या विजेच्या गाड्या दीड हजार व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत; आज पंचवीस हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे, डबे बदलले, मोटरींची जातच बदलली, आणि ज्या स्थानकाला व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणत त्याचे नाव १९९६ व २०१७ असे दोनदा बदलले. एवढे होऊनही सकाळची ठरलेली लोकल ही प्रवाशाच्या लेखी ‘आपली गाडी’च असते, आणि दसऱ्याला तिच्या डब्याला तोरण बांधणाऱ्या भजनी मंडळाला गेल्या वर्षीचाच रेक यंदा आला आहे काय, अशी शंका येत नाही. तेथे गाडीची ओळख वेळापत्रकातील मिनिटाशी बांधलेली आहे, लोखंडाशी नाही. लघुइंजिनाला वेळापत्रक नसते, म्हणून त्याची ओळख कशाशी बांधावी हे शोधावे लागते.

चालनयंत्रणा जीर्ण होते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे, कारण तत्त्वचर्चेत झीज हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९२० पासून ज्या चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या, त्यांत पोलादी पट्टी गुंडाळून केलेली कमान हा शक्तीचा साठा असे. चावी दिली की ती आवळली जाई, आणि सुटताना दोन पत्र्यांमध्ये बसवलेल्या दातेरी चाकांच्या मालिकेतून ती शक्ती धावत्या चाकांच्या आसापर्यंत पोहोचे. अशा यंत्रणेत दाते सहसा आधी तुटत नाहीत. आधी बिघडतात ती पत्र्यांतली छिद्रे, ज्यांत आसांची टोके फिरतात. वर्षानुवर्षे एकाच बाजूने पडणाऱ्या दाबाने गोल छिद्र लंबगोल होते, आस किंचित कलतो, दोन चाकांमधले अंतर केसभर वाढते आणि दाते एकमेकांच्या कुशीत बसण्याऐवजी टोकांवर आपटू लागतात. म्हणजे यंत्र बिघडते ते पदार्थ झिजल्यामुळे नव्हे, तर जेथे पदार्थ नव्हता ती पोकळी वाढल्यामुळे, असेही म्हणता येईल. दुरुस्ती करणारा ते छिद्र मोठे करून त्यात पितळेची बारीक नळी, म्हणजे बुश, ठोकतो आणि आसाला पुन्हा जागेवर आणतो.

विजेच्या इंजिनांची कथा निराळी आहे. त्याच कंपनीने १९३८ मध्ये आणलेल्या, साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या डब्लो मालिकेत, आणि पुढे इतरांनी केलेल्या असंख्य इंजिनांत, तांब्याच्या तारेची वेटोळी घातलेले आर्मेचर एका कायम चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरते. आर्मेचरच्या दांड्यावर तांब्याच्या तुकड्यांचे एक कडे असते, त्याला कॉम्युटेटर म्हणतात. त्यावर टेकलेले दोन कार्बन ब्रश फिरत्या वेटोळ्यांना वीज पोहोचवतात आणि तिची दिशा योग्य क्षणी उलटवतात. दांड्याच्या दुसऱ्या टोकावरचे मळसूत्र, ज्याला कारखान्याच्या बोलीत वर्म म्हणतात, ते आसावरच्या दातेरी चाकाला हळूहळू ढकलत फिरवते. यातील ब्रश हा झिजण्यासाठीच घडवलेला भाग आहे, कारण तो मऊ ठेवला तरच कॉम्युटेटर टिकतो. त्यामुळे नवे ब्रश घातले म्हणून इंजिन बदलले, असे कोणीही म्हणत नाही, जसे वात बदलली म्हणून समई बदलली असे कोणी म्हणत नाही. प्लूटार्कने सांगितलेल्या थीसियसच्या जहाजाच्या ग्रीक कोड्यात जहाजाच्या सगळ्या फळ्या एकाच तोलाच्या धरलेल्या आहेत, आणि त्या कोड्याची मर्यादा तीच आहे. यंत्रात काही भाग राहण्यासाठी असतात, काही जाण्यासाठी, आणि हा भेद यंत्राच्या घडणीतच लिहिलेला असतो.

उपनगरांच्या हवेने या सर्व झिजेत आपली भर घातलेली असते. चार महिन्यांच्या पावसाळ्यात बंद कपाटातही पोलादी आसांवर गंज चढतो, पितळेच्या चाकांवर हिरवा कळंक धरतो, आणि दांड्यांना घातलेले जुने तेल घट्ट होऊन डिंकासारखे चिकटते, इतके की मोटर शाबूत असूनही हलत नाही. अनुभवी दुरुस्तीकार म्हणूनच आधी वीज लावत नाही. तो चाके बोटाने फिरवून पाहतो. अडखळ कोठे येते, प्रत्येक फेऱ्यात त्याच ठिकाणी येते की जागा बदलते, यावरून दोष आसात आहे की दात्यात, हे त्याच्या बोटांना कळते. हे स्पर्शाचे प्रमाण दर्शनग्रंथांतील प्रत्यक्षाच्या चर्चेत फारसे पुढे येत नाही, डोळ्यालाच तेथे मान अधिक.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वनराणी नावाची छोटी आगगाडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना फिरवीत असे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात तिच्या मार्गाची हानी होऊन ती थांबली. त्याच अरण्यात, काही अंतर चढून गेल्यावर, कान्हेरीची लेणी आहेत, आणि येथील बौद्ध परंपरेत दुरुस्ती हे पुण्यकर्म मानले गेले होते, याची साक्ष तेथील शिलालेखच देतात: नवव्या शतकातील शिलाहार राजा पुल्लशक्ती याच्या काळातील एका लेखात बुद्धाच्या पूजेबरोबर विहाराच्या दुरुस्तीसाठी, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि ग्रंथांसाठी ठेव दिल्याची नोंद आहे. संघात बांधकाम व डागडुजी पाहणाऱ्या भिक्षूसाठी नवकम्मिक असे पदनामही होते. आश्चर्य असे की, वस्तू टिकवण्यासाठी निधी ठेवणाऱ्या याच परंपरेने ‘टिकणारी वस्तू’ नावाचे काही नसते, हा सिद्धान्तही मांडला.

मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातील मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा जो संवाद आहे, त्यातील रथाचा दृष्टान्त सर्वांना ऐकून माहीत असतो. रथ म्हणजे दांडी काय, आस काय, चाके काय, सांगाडा काय, असे नागसेन विचारत जातो आणि राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. यावरून रथ हे केवळ भागांच्या मांडणीला दिलेले सोयीचे नाव ठरते. अशा व्यवहारापुरत्या नावाला बौद्ध परिभाषेत प्रज्ञप्ती म्हणतात. या संवादातील एक बारकावा मात्र सहसा निसटतो. नागसेन आरंभी राजाला विचारतो की, तू पायी आलास की वाहनाने. आणि राजा रथाने आलो असे म्हणाल्यावरच रथाची चिरफाड सुरू होते. म्हणजे संवादात रथाचा प्रवेश झाला तो राजाला वाहून आणणारा म्हणून, आणि त्याचे विश्लेषण झाले ते मात्र दारात उभ्या असलेल्या, न हलणाऱ्या रथाचे. भागांच्या यादीत चाल आली नाही, कारण उभ्या रथात ती सापडणारच नव्हती. लघुइंजिन टेबलावर सुटे करून थाळीत मांडले की दुरुस्तीकाराचीही तीच गत होते: थाळीत सर्व काही आहे, आणि ज्यासाठी ते विकत घेतले होते तेवढे नाही.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, नागसेनाच्या मताला जे उत्तर दिले ते या संदर्भात अधिक कठोर आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अखंड वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरी असते; पण त्याची किंमत अशी की एकही अवयव गेला तर जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या अवयवांतून नवा जन्मतो. वस्त्रातून एक धागा ओढला तर पहिले वस्त्र संपले आणि खंडपट नावाचे दुसरे वस्त्र निर्माण झाले, असे ते निःसंकोच मानतात. हा नियम इंजिनाला लावला तर एक स्क्रू काढल्याक्षणी जुने इंजिन गेले, आणि तो पुन्हा बसवला तरी परत आले नाही. व्यवहारात असे कोणी जगत नाही, हे खरे. तरी संग्राहकांच्या बाजारात ‘कधीही न उघडलेले’ या शब्दांना जी किंमत येते, ती पाहिली की अजाणता नैयायिक झालेली माणसे बरीच असावीत.

परंतु न्याय-वैशेषिकांच्याच पेटाऱ्यात या प्रश्नासाठी एक फार उपयोगी हत्यार पडून आहे, आणि ते म्हणजे संस्कार या गुणाची त्यांची कल्पना. संस्कार म्हटले की मराठी वाचकाला मुंज-लग्न आठवते किंवा घरचे वळण. वैशेषिकांना त्या शब्दाने वस्तूतला एक गुण अभिप्रेत आहे आणि त्याचे त्यांनी तीन प्रकार केले. पहिला वेग, जो हलत्या द्रव्याला पुढे हलते ठेवतो. दुसरा भावना, म्हणजे अनुभवाने आत्म्यावर उमटलेला आणि पुढे स्मरणाला कारण होणारा ठसा. तिसरा स्थितिस्थापक, जो वाकवलेल्या किंवा ताणलेल्या वस्तूला पूर्वस्थितीकडे परत नेतो. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, जे आजही न्यायाचे पहिले पाठ्यपुस्तक आहे, यासाठी चटईसारख्या वस्तूचे उदाहरण दिले आहे. धावणारा बाण, आठवणारे मन आणि गुंडाळून सोडलेली चटई यांना एका नावाखाली का बसवावे, हे आधुनिक वाचकाला चमत्कारिक वाटते, आणि बऱ्याच भाष्यकारांनी या वर्गीकरणाला केवळ जुनी सोय म्हणून सोडून दिले आहे. तथापि तिन्हींत एक समान सूत्र आहे: आधी घडून गेलेले काही तरी, ते घडून गेल्यावरही, वस्तूत शिल्लक राहून पुढचे घडवीत असते.

चावीच्या इंजिनाची कमान ही शुद्ध स्थितिस्थापक आहे. तिला आवळले त्याची ती परतफेड करते. आणि अनेक दशके आवळलेल्या स्थितीतच कपाटात राहिली तर तिचा तो गुण उणावतो, कमान थकते, म्हणून गाडी ठेवताना चावी उतरवून ठेवण्याची शिस्त जुन्या घरांत होती. रुळांवर सुटलेल्या गाडीत वेग आहे. आणि जिने ती गाडी लहानपणी पाहिली आहे अशा व्यक्तीत भावना आहे; डोळ्यांसमोरची वस्तू पाहताना जुना ठसा जागा होऊन ‘ही तीच’ असे जे ज्ञान होते, त्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. बौद्धांचा आक्षेप असा की प्रत्यभिज्ञा फसवी असू शकते: कापून पुन्हा वाढलेल्या केसांनाही आपण तेच केस म्हणतो, आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात नसते. हा आक्षेप खोडता येत नाही. पण त्यातून एवढेच निघते की तेपणाचा पुरावा इंजिनात शोधू नये. न्यायमताप्रमाणेही भावना हा गुण आत्म्याचा आहे, लोखंडाचा नाही. जीर्णोद्धाराचे काम मग तीन ठिकाणी वाटले जाते: स्थितिस्थापक पूर्ववत करता येतो, वेग पुन्हा निर्माण करता येतो, आणि भावना फक्त सांभाळता येते.

मूल्यमापनाची गोष्ट येथून सुरू होते. मोटरीची पारख करताना तीन वेटोळ्यांचा विद्युतरोध सारखा आहे काय हे मोजतात, कॉम्युटेटरच्या फटींत साचलेली कार्बनची पूड काढतात, ब्रशांच्या स्प्रिंगचा दाब अति नाही आणि अपुराही नाही हे पाहतात, मळसूत्राला पुढेमागे किती मोकळीक आहे ते तपासतात. जोडदांड्यांच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूच्या खुंट्या एकमेकींशी काटकोनात असाव्या लागतात, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर असताना दुसरी जोरात असते. हा काटकोन एका जोडीत जरी किंचित चुकला तरी गाडी लंगडते. मग वीज हळूहळू वाढवून इंजिन किती कमी वेगात न अडखळता निघते, किती प्रवाह खाते, डबे जोडल्यावर किती तापते, हे पाहिले जाते. पूर्ण वेगात कोणतेही इंजिन बरे दिसते. खरी परीक्षा गोगलगायीच्या गतीत.

या परीक्षेत वारंवार येणारा एक अनुभव तात्त्विकदृष्ट्या बाकी सर्वांहून मोलाचा आहे. जुन्या मळसूत्राला नवे, कारखान्यातून आलेले निर्दोष दातेरी चाक लावले तर यंत्रणा सुधारत नाही, उलट कुरकुरते; कारण जुने मळसूत्र आपल्या जुन्या जोडीदाराबरोबर झिजताना त्याच्या आकाराचे झालेले असते. दोन्ही नवे घातले तर काही तास मंद गतीने दोन्ही दिशांना चालवून त्यांना एकमेकांची सवय करावी लागते. मराठीत याला रुळणे म्हणतात, आणि रूळ व रुळणे हे दोन शब्द येथे शेजारी यावेत हा भाषेचा सुखद योगायोग आहे. रुळलेपणा हा कोणत्याही एका भागाचा गुण नाही, आणि नागसेनाच्या यादीतील नुसत्या मांडणीतही तो येत नाही, कारण तेच भाग तशाच मांडणीत नवे असताना त्यांच्यात तो नव्हता. तो मागच्या धावण्याने उरलेला आणि पुढचे धावणे घडवणारा ठसा आहे. वैशेषिकांनी तीनच संस्कार मानले, पण यंत्राची भावना म्हणून चौथा मानायचा झाला तर तो हाच. मात्र हा ठसा झिजेतूनच घडतो. जी झीज यंत्रणेला सुरळीत करते, तीच पुढे तिला निकामी करते, आणि यांच्यामधली सीमारेषा कोणत्याही मापकाने आखता येत नाही. काचेच्या कपाटात न चालवता ठेवलेले इंजिन झिजत नाही, पण रुळतही नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, त्यासारख्या चालत्या मांडणीचे मोल म्हणूनच वेगळे असते: तेथे गाडी पाहायची ती धावताना. याउलट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात उभे असलेले ‘सर लेस्ली विल्सन’ हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातले विजेचे इंजिन, ज्याच्या जातीला रेल्वेची माणसे खेकडा म्हणत, आपले अवजड जोडदांडे बाहेर दाखवीत निश्चल उभे आहे, आणि ते दांडे फिरताना कसे दिसत याची भावना ज्यांच्यापाशी आहे, त्यांची संख्या दरवर्षी घटते आहे.

धर्मशास्त्राने जीर्णोद्धाराकडे कसे पाहिले, हे आता अधिक नीट समजते. १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचलेल्या धर्मसिंधूसारख्या ग्रंथांतून जीर्णोद्धाराचा आणि पुनःप्रतिष्ठेचा विचार आलेला आहे. विधीचा गाभा असा की मूर्तीला हात लावण्यापूर्वी तिच्यातील देवतातत्त्व मंत्रपूर्वक जलपूर्ण कलशात आणावे, दुरुस्ती चालू असेपर्यंत पूजा कलशाची व्हावी, आणि काम पुरे झाल्यावर ते तत्त्व पुन्हा मूर्तीत स्थापावे. म्हणजे पाषाण घडवणाऱ्याच्या हाती असतो तेव्हा तो नुसता पाषाण असतो. सातत्य असते ते कलशात. दगड आणि देव यांचे तेपण वेगवेगळे ठेवण्याची ही व्यवस्था सूक्ष्म आहे, आणि ती केवळ कर्मकांड म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी तिच्यातील तर्क पाहिलेला नसतो.

जुन्या मोटरींच्या दुरुस्तीत या कलशाला एक विलक्षण समांतर कृती आहे. त्या काळातील कायम चुंबकांच्या मिश्रधातूचा धर्म असा की ध्रुवांमधील लोखंडी आर्मेचर बाहेर काढले आणि चुंबकीय रेषांची वाट उघडी पडली, तर चुंबकाचे बळ कमी होते, आणि आर्मेचर परत ठेवल्याने ते भरून येत नाही. म्हणून जाणकार मनुष्य आर्मेचर ओढून काढतानाच ध्रुवांवर मऊ लोखंडाचा एक तुकडा आडवा बसवतो. तो तुकडा काही करीत नाही. फक्त आर्मेचर बाहेर असताना क्षेत्र सांभाळून धरतो. काम झाले की तो बाजूला होतो. ज्याला हे माहीत नव्हते त्याने उघडलेले इंजिन दिसायला शाबूत असते, पण प्रवाह जास्त खाते, तापते आणि भार ओढत नाही. त्याचे चुंबक मग वेगळ्या यंत्रावर पुन्हा भारून घ्यावे लागते. आता, पुन्हा भारलेले चुंबकत्व हे जुनेच आहे काय? वैशेषिक म्हणेल, गुण द्रव्याला चिकटून असतो, गेला तो गेला, हा नवा गुण. कर्मकांडी म्हणेल, आधार तोच आणि विधी यथासांग, मग प्रतिष्ठा तीच. येथे कर्मकांड्याचे म्हणणे अपुरे पडते, कारण पुनःप्रतिष्ठेत जे परत येते ते कलशातून येते, शून्यातून नव्हे. आणि लोखंडी तुकडा न लावता घालवलेल्या चुंबकत्वाला मध्यंतरीचा कलशच नव्हता. सांभाळलेले आणि नव्याने आणलेले यांत अंतर आहे. ते मोजता येत नाही, कारण चांगले भारलेले चुंबक मोजमापात जुन्याहून सरसच ठरते, पण मोजमापात न दिसणारे अंतर म्हणजे नसलेले अंतर नव्हे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा प्रसिद्ध दृष्टान्त या ठिकाणी उलटाच होतो, हे जाता जाता नोंदवायला हवे. तेथे वस्त्र बदलते आणि आतला देही तोच राहतो. लघुइंजिनांच्या जगात पुष्कळदा वरचे अंग, म्हणजे रंग, नाव आणि क्रमांक असलेली काया, जुनी ठेवून आतली सगळी चालनयंत्रणा नवी घालतात, आणि तरीही लोक त्याला तेच इंजिन म्हणतात. वाफेच्या युगात खऱ्या इंजिनांचेही असेच होते. बॉयलर एका इंजिनातून दुसऱ्यात जात, आणि ओळख राही ती सांगाड्याची व क्रमांकाच्या पट्टीची.

जैन दर्शनाने या कोड्यात आणखी एक पदर उलगडला आहे. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे उपजणे, नाहीसे होणे आणि टिकून राहणे, ही तिन्ही एकाच सद्वस्तूत एकाच वेळी असतात, हे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील मत आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत एका दृष्टान्ताने सांगितले: सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तेव्हा घट हवा असणारा दुःखी झाला, मुकुट हवा असणारा आनंदला आणि केवळ सोने हवे असणारा मध्यस्थ राहिला. दुरुस्तीच्या टेबलाभोवती हे तिघेही उभे असतात. मूळ भागांचा आग्रही संग्राहक नवे दातेरी चाक पाहून खिन्न होतो, गाडी धावताना पाहायची असलेले मूल हरखते, आणि भंगाराच्या भावाने पितळ तोलणाऱ्याला काहीच वाटत नाही. तिघांचेही ज्ञान खरे आहे.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत देरासरे, म्हणजे जैन मंदिरे, विपुल आहेत आणि व्यापारही विपुल आहे, त्यामुळे तत्त्वार्थसूत्रातील दुसरी एक गोष्ट तेथे अधिक जवळची वाटावी. अचौर्य या व्रताला गालबोट लावणाऱ्या दोषांच्या यादीत प्रतिरूपक-व्यवहार असा एक दोष सांगितला आहे: अस्सल म्हणून नक्कल खपवणे. बाजारातील ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे शब्द त्याचेच आजचे रूप. लक्षणीय आहे ते हे की नक्कल करण्याला चोरी म्हटलेले नाही, नकलेच्या व्यवहाराला म्हटले आहे. अंधेरीच्या एखाद्या गाळ्यात लेथवर मूळ मापाने कापलेले दातेरी चाक हे स्वतः निर्दोष आहे. दोष लागतो तो ते आत असल्याचे न सांगता इंजिन विकताना. म्हणून चांगला दुरुस्तीकार खोक्यात एक चिठ्ठी ठेवतो: अमुक साली कमान बदलली, अमुक आस नवा, चुंबक पुन्हा भारले. प्रत्यभिज्ञा माणसाबरोबर संपते, पण इंजिन वारसाने आणि विक्रीने पुढे जात राहते. ज्याच्यापाशी जुना ठसा नाही त्याच्यासाठी ती चिठ्ठी हीच भावना. या एका कागदाकडे दुरुस्तीच्या साऱ्या कौशल्याइतकेच लक्ष द्यायला हवे, असे या विवेचनाचे मत आहे, आणि प्रत्यक्षात सर्वांत आधी हरवतो तोच.

एक जीर्णता मात्र अशी आहे की तिच्यापुढे कोणताही संस्कार चालत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुष्कळ चाके आणि सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असत, आणि त्या ओतकामात शिशाचा अंश अगदी थोडाही मिसळला असेल तर धातूच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत क्षरण सुरू होते. भाग फुगतो, वाकतो, त्यावर जाळीदार तडे जातात आणि अखेर तो बोटांत चुरतो. उष्ण आणि दमट हवेत हे लवकर होते. डिंक लावून किंवा रंग देऊन ते थांबत नाही, कारण दोष वापरातून आलेला नसून जन्मवेळीच आत गेलेला असतो. काचेच्या कपाटात जपलेले इंजिनही त्यातून सुटत नाही. भंगलेल्या मूर्तीसाठी शास्त्राने विसर्जन सांगितले आहे, आणि उपनगरांत पिंपळाच्या पारावर कोणी तरी गुपचूप ठेवून गेलेल्या तडकलेल्या तसबिरी दिसतात, त्यामागेही तीच असमर्थता असते की टाकवत नाही आणि ठेवता येत नाही. चुरलेल्या इंजिनाच्या बाबतीत लोक असे करतात की जस्ताची पूड झटकून पोलादी आस, पितळेचे चाक आणि आर्मेचर काढून घेतात आणि एका डबीत ठेवतात, दुसऱ्या कोणत्या तरी इंजिनात ते कधी फिरतील म्हणून. त्या डबीवर ‘सुटे भाग’ लिहावे की गेलेल्या इंजिनाचा क्रमांक लिहावा, हे ठरवताना हात क्षणभर थांबतो. बहुधा दोन्ही लिहिले जाते, क्रमांक थोडा मोठ्या अक्षरांत.